विंडोज मारण्याआधी डब्बा तपासा

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याजवळच्या एका खेड्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. काका पूर्वी गावात डीटीपी आणि अर्ज टाइप करून द्यायचं काम करायचे. त्यांचा २००९ च्या सुमाराचा असेंबल्ड डेस्कटॉप आता पुतण्याकडे आला आहे: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर-२ रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. त्यावर विंडोज ७ होतं. धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर विंडोज १० टाकायचं चाललं आहे. पेनड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसतच नाही. दिसला तर फायलींची कॉपी कधी ३७ टक्क्यांवर, तर कधी साठच्या पुढे जाऊन थांबते आणि शेवटी ८००७०५७० असलेला कोड येतो. एकदा कॉपी पूर्ण झाली, तर रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरू झाला. घड्याळ मागचंच वर्ष धरून बसलं आहे. तालुक्याच्या दुकानात दाखवलं, तर 'मदरबोर्ड गेला, नवीन घ्या' असं उत्तर मिळालं. आता मदरबोर्ड गेला की आयएसओ फाइल (विंडोजच्या सेटअपची डाउनलोड केलेली फाइल) खराब, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

भाऊ, दोन्हींपैकी एकही नसण्याचीच शक्यता जास्त. तुमच्याकडे तीन वेगळी दुखणी एकाच वेळी आली आहेत, आणि तुम्ही त्यांचं एकच कारण शोधताय म्हणून गुंता सुटत नाही.

आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते 'विंडोज मारून द्या' म्हणतच. पण जुन्या मशीनसाठी क्लीन इन्स्टॉल, म्हणजे जुनं पुसून विंडोज नव्याने टाकणं, ही कित्येक वर्षांतली सगळ्यात कडक परीक्षा असते. रोजच्या वापरात तीच ती चार सॉफ्टवेअर उघडतात, डिस्कचा तोच तो भाग वाचला जातो. सेटअप मात्र कित्येक जीबीची दाबलेली फाइल उलगडतो, रॅम भरून टाकतो, डिस्कच्या कधी न वापरलेल्या भागांवर लिहितो आणि प्रोसेसरला तासभर उसंत देत नाही. जे दुखणं आधीपासून लपलेलं असतं ते इथे बाहेर पडतं, आणि आळ विंडोजवर येतो.

म्हणून सगळ्यात आधी एवढंच पाहायचं की एरर दर वेळी त्याच जागी येते की जागा बदलते. तोच टक्का, तोच कोड असेल तर फाइल, पेनड्राइव्ह किंवा बायोसची (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रामची) सेटिंग बघा. दर वेळी वेगळ्या टक्क्याला अडकत असेल तर रॅम, डिस्क, केबल किंवा वीज. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. ८००७०५७० चा अर्थ एवढाच की फाइल वाचता आली नाही किंवा वाचलेलं जुळलं नाही. ती पेनड्राइव्हवर बिघडली, रॅममधून जाताना बिघडली की डिस्कवर, हे सेटअपला कळत नाही. त्यामुळे तो कोड पाहून चौथ्यांदा आयएसओ डाउनलोड करण्यात मोबाइलचा डेटा जाळू नका.

सुरुवात घड्याळापासून करा. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली आहे. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवीन बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते, २.७ च्या खाली गेली की बदलायची. किराणा दुकानातसुद्धा मिळते. ही किरकोळ वाटणारी वस्तू तुमच्या अर्ध्या त्रासाचं मूळ असू शकते. बॅटरी मेली की लाईन गेल्यावर किंवा तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केल्यावर बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर जाते. तुम्ही रात्री बूटचा क्रम (मशीनने आधी कशावरून सुरू व्हायचं तो) लावता, सकाळी तो पुसलेला असतो. पेनड्राइव्ह 'कधी दिसतो, कधी नाही' याचा खुलासा बहुधा इथेच आहे. शिवाय तारीख चुकीची असेल तर विंडोज लागल्यावरही सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करतात, अपडेट येत नाहीत, ॲक्टिव्हेशन अडतं, आणि माणूस नेटवाल्याशी भांडत बसतो.

बॅटरी बदलून तारीख लावली की बायोसमध्येच 'पीसी हेल्थ' किंवा 'हार्डवेअर मॉनिटर' नावाचं पान उघडा. १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. तिथले आकडे अगदी काटेकोर नसतात, पण १२ च्या जागी ११ दिसत असेल तर एसएमपीएस (मशीनला आतून वीज पुरवणारा भाग) थकला आहे. आपल्याकडे रब्बीत कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज कसं पडतं हे तुम्हाला सांगायला नको. जिथे गावठाणाचा फीडर वेगळा नाही तिथे तर बल्बवरच कळतं. थकलेला एसएमपीएस अशा वेळी मशीन बंद पाडत नाही, नुसता डळमळतो, आणि ती डळमळ कॉपी करताना फाइल बिघडल्याच्या रूपात दिसते. पंप बंद असतानाची वेळ धरा, किंवा चांगल्या यूपीएसवर काम करा. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर या कामाला नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. ते आधी वायरमनकडून करून घ्या. त्यात मशीनपेक्षा तुमच्या बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे.

त्याच पानावर प्रोसेसरचं तापमान दिसेल. या काळच्या इंटेलच्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी सैल झाली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि पंखा फिरत असूनही प्रोसेसर भाजतो. नुसत्या बायोसच्या पडद्यावर बसलेलं मशीन सत्तरच्या वर जात असेल तर हीटसिंक काढा, जुनी वाळलेली पेस्ट पुसा आणि नवी लावा. जिनिंगच्या गावातलं मशीन असेल तर आधी पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये बसलेला कापसाचा नमदा ब्रशने काढा. तो कधीकधी पूर्ण चादर होऊन बसलेला असतो, आणि बाहेरून काही कळत नाही. मे महिन्यात अकोला-वाशीमकडे बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी इन्स्टॉल करायला बसूच नये. पहाटे करा.

डब्बा उघडलाच आहे, तर प्रोसेसरभोवतीचे उभ्या नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील किंवा वर तपकिरी डाग असेल, तरच मदरबोर्डवाल्या दुकानदाराचं म्हणणं मी ऐकून घेईन.

आता रॅम. तुमच्याकडे बहुधा १ जीबीच्या दोन पट्ट्या असतील. भिंतीतली पिन काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरने घासा, चुरा झटका आणि स्लॉट कोरड्या ब्रशने साफ करा. हा उपाय गावठी वाटतो, पण डीडीआर-२ च्या जमान्यातल्या मशीनवर तो जितक्या वेळा चालतो तितकं दुसरं काही चालत नाही. मग मेमटेस्ट८६+ हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. रात्रभर चालू ठेवता आलं तर उत्तम. एक जरी लाल ओळ आली तरी त्या रॅमवर इन्स्टॉल करायचं नाही. 'एकच तर एरर आहे' असं इथे नसतं. एरर आली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा, मग स्लॉट बदलून तपासा. पट्टी वाईट की स्लॉट, हे त्यातूनच कळतं.

रॅम स्वच्छ निघाली तर माझा संशय सरळ हार्डडिस्कवर. इतक्या वयाची १६० जीबीची डिस्क चालते आहे हेच पुष्कळ. लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) पेनड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करता नुसतं चालवा. २ जीबीत ते हळू चालेल, पण चालेल. त्यातल्या 'डिस्क्स' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क निवडून 'स्मार्ट डेटा' (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) उघडा. दुसऱ्याच्या विंडोजवर डिस्क जोडता येत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हेच दाखवतं. तिथे तीन ओळी बघायच्या. 'रिअलोकेटेड सेक्टर' म्हणजे डिस्कने बाद करून बदली जागा दिलेले सेक्टर. थोडे असतील आणि आकडा वाढत नसेल तर डिस्क काही दिवस काढेल. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे आत्ता वाचताच येत नसलेले. हा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर तुमची कॉपी कधी ३७ वर आणि कधी साठवर का अडकते याचा पुरावा हातात आला. तिसरी 'सीआरसी एरर'. ती वाढत असेल तर डिस्क निर्दोष असू शकते, दोष डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा. केबल बदला, शक्य असेल तर मदरबोर्डवरचा पोर्टही बदला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे आकडे मुळात सोळाच्या अंकपद्धतीत (हेक्स) दिसतात, तिथे ए किंवा सी अशी अक्षरं पाहून घाबरू नका.

आणखी एक सोपी युक्ती: हार्डडिस्कची केबल पूर्ण काढून मिंट तासभर चालवा, व्हिडिओ बघा, चार पानं उघडा. काही न अडता चाललं तर बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर ठीक, दोषी डिस्क. दुकानदाराला दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

डिस्क बदलायची वेळ आली तर जुनी हार्डडिस्क शोधू नका, छोटी साटा एसएसडी घ्या. जी-३१ बोर्डचा साटा पोर्ट जुन्या वेगाचा आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. तरी जो फरक पडेल तो प्रोसेसर बदलूनही पडला नसता. या बोर्डांच्या बायोसमध्ये एएचसीआयचा (डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा) पर्याय सहसा नसतो, तो शोधत बसू नका, जुन्या आयडीई मोडवरच एसएसडी चालते. हे वाचणाऱ्या ज्यांचं मशीन थोडं नवीन आहे आणि ज्यात तो पर्याय आहे, त्यांनी इन्स्टॉलच्या आधीच एएचसीआय करावं आणि नंतर हात लावू नये. विंडोज लागल्यावर तो मोड बदलला, किंवा मेलेल्या बॅटरीमुळे आपोआप बदलला, की सुरू होताना निळा पडदा येतो.

पेनड्राइव्हचं आता. हा बोर्ड जुन्या बायोसचा, यूईएफआय (बायोसची नवी पिढी) त्यात नाही. पेनड्राइव्ह बनवायला रूफस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) एमबीआर आणि टार्गेट सिस्टीम बायोस निवडा. जीपीटी निवडलात तर असा बोर्ड पेनड्राइव्हकडे ढुंकून बघणार नाही. ज्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवताय तिथे विंडोज ७ असेल तर रूफसची ३.२२ आवृत्ती घ्या, ४ पासून पुढच्या त्यावर चालत नाहीत. नेट बरं असेल तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सगळ्यात बिनघोर, ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालणारं माध्यम बनवतं. आठवडी बाजारातला '६४ जीबी' लिहिलेला स्वस्त पेनड्राइव्ह मात्र वापरू नका. त्यातले कित्येक आतून ८ जीबीचेही नसतात: फाइल पूर्ण कॉपी झाल्याचं दाखवतात आणि वाचायला गेलं की रिकामे. रूफसमधला बॅड ब्लॉक तपासण्याचा पर्याय लावला तर अशी लबाडी उघडी पडते, वेळ मात्र लागतो.

पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर जुनाट असते. मशीन सुरू करण्याआधीच लावा. या बायोसमध्ये पेनड्राइव्ह बऱ्याचदा 'रिमूव्हेबल' यादीत न दिसता 'हार्डडिस्क ड्राइव्हज' या यादीत हार्डडिस्कच्या खाली लपलेला असतो. लोक वरची यादी बघून 'दिसत नाही' म्हणतात. बूटचा क्रम कायमचा बदलण्यापेक्षा सुरू होताना एकदाच विचारणारा बूट मेनू वापरा: गिगाबाइटच्या बोर्डला एफ-१२, एसूसला एफ-८, एमएसआयला एफ-११, इंटेलच्या बोर्डला एफ-१०.

तुमचं तिसरं दुखणं, म्हणजे सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं, हे दुखणंच नाही. पहिल्या टप्प्यात सगळ्या फायली डिस्कवर गेल्या की मशीन रीस्टार्ट होतं. तेव्हा पेनड्राइव्ह तसाच लावलेला आणि क्रमात पहिला असेल तर मशीन परत त्याच्यावरून सुरू होणारच. पहिल्या रीस्टार्टला पडदा काळा झाला की पेनड्राइव्ह काढून घ्या. त्याचं काम संपलेलं असतं.

पार्टिशनच्या पडद्यावर डिस्क जीपीटी असल्याची तक्रार आली किंवा 'नवीन पार्टिशन तयार करता आलं नाही' असं आलं, तर शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्ट (diskpart) लिहा, मग लिस्ट डिस्क (list disk). यादीत पेनड्राइव्हसुद्धा असतो, म्हणून आकार बघून योग्य डिस्क निवडा (select disk आणि तिचा क्रमांक) आणि क्लीन (clean) द्या. यानंतर त्या डिस्कवरचं काहीही उरत नाही, डी ड्राइव्हसुद्धा नाही. खिडकी बंद करून रिफ्रेश करा आणि रिकाम्या जागेवरच इन्स्टॉल करा, पार्टिशन सेटअपला पाडू द्या. तरी अडलं तर बाकीच्या सगळ्या डिस्क आणि कार्ड रीडर काढा. आणि टक्केवारी हलत नाही म्हणून घाईने बटण दाबू नका. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, जेवून या. दिवा सलग पेटलेला आणि आतून टकटक आवाज असेल तर डिस्क गेली.

एवढं सगळं जमलं की प्रश्न उरतो, टाकायचं काय. विंडोज ११ चा नाद सोडा. त्याला यूईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. यूट्यूबवर ते चुकवायच्या युक्त्या दाखवतात, पण २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचना असावीच लागते, आणि कोअर टू ड्युओमध्ये ती नाहीच. जे सिलिकॉनमध्ये नाही ते रजिस्ट्रीत लिहून येत नाही. विंडोज १० चालेल, पण त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. कागदावर ६४-बिट विंडोज १० ला २ जीबी रॅम पुरते. प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडलं की मशीन गुदमरतं. जी-३१ च्या बोर्डवर जास्तीत जास्त ४ जीबी बसते. तेवढी करा, मगच विंडोज १० चा विचार करा.

बहिणीला व्हिडिओ बघणं, पीडीएफ वाचणं, प्रोजेक्ट टाइप करणं एवढंच हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई टाका. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि पेनड्राइव्हवर चालवून तुम्ही ते आधीच बघितलेलं असेल. यूट्यूब मात्र ४८० वर ठेवा, या ग्राफिक्सला त्याहून जास्त झेपत नाही. पण तिला एमएस-सीआयटीचा सराव घरी करायचा असेल, किंवा तुमचा पुढेमागे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचा विचार असेल, तर विंडोजला पर्याय नाही. अंगठ्याची मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन बहुतेक करून विंडोज धरूनच चालतात. काकांचा प्रिंटर कॅननचा एलबीपी-२९०० असेल, आणि डीटीपीवाल्याकडे तो असतोच, तर त्याचा ६४-बिट विंडोज १० चा ड्रायव्हर मिळतो. लिनक्सवर तो चालवता येतो, पण त्यात एक अख्खी संध्याकाळ जाईल.

क्लीन देण्याआधी एक काम करा. डी ड्राइव्हला अजून हात लागलेला नसेल तर मिंटमधूनच तो उघडून सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. पेंडिंग सेक्टर दिसले असतील तर हे काम सगळ्यात आधी, बाकी चाचण्यांच्याही आधी, कारण अशी डिस्क प्रत्येक चाचणीत आणखी झिजते. काकांच्या फायली बहुतेक कृतिदेव किंवा श्रीलिपीमध्ये असतील. त्या युनिकोड नाहीत, फॉन्ट नसला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लोक फाइल खराब झाली समजून डिलीट करतात. सी फॉरमॅट झाला तेव्हा विंडोज ७ सोबत तिथले फॉन्टही गेले. तेव्हा डी ड्राइव्हवर 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर शोधा, काकांच्या जुन्या सीडी बघा, नाहीतर गावातल्या दुसऱ्या डीटीपीवाल्याला विचारा. फॉन्टच्या फायली मिळाल्या की विंडोजमध्ये उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल', आणि मिंट असेल तर होम फोल्डरमध्ये 'डॉट फॉन्ट्स' (.fonts) नावाचं फोल्डर करून त्यात टाकायच्या.